जुन्या फोटोंसाठी प्रिंटर कोणता? काजळी, करडा रंग आणि जालन्याचा उन्हाळा

१/ इतिहासाच्या धाग्यात प्रिंटरचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. परंतु गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न विचारला: घरातले जुने फोटो पुन्हा छापून ठेवायचे आहेत, तर कोणता इंकजेट प्रिंटर भरवशाचा? एखादे मॉडेल सांगून मोकळे होता आले असते. मात्र या बाबतीत मी स्वतः एक चूक केली आहे आणि ती अजून भरून निघालेली नाही. म्हणून हा लांबलचक धागा. निवांत वाचावा.

२/ मराठवाडा मुक्तिसंग्रामाला १७ सप्टेंबर २०२३ रोजी ७५ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने अंबड तालुक्यातील आमच्या मूळ गावी सारे कुटुंब जमले होते. आजोबांचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे 'मोठे आबा' म्हणत, निजामी राजवटीत तुरुंगात गेले होते. त्यांचा एकच फोटो शिल्लक होता, तळहाताएवढा, कोपरा दुमडलेला. मी मोबाइलवर त्याची प्रत घेतली, घरच्या प्रिंटरवर मोठ्या आकारात छापली आणि चौकटीत बसवून ओसरीवर टांगली. मूळ फोटो त्या दिवशी हातोहात फिरला आणि नंतर कुणालाच सापडला नाही.

३/ दोन उन्हाळे गेले. ओसरीवरच्या प्रतीतील आबांचा चेहरा आधी तांबूस झाला, मग नारिंगी. डोळ्यांच्या जागी दोन फिकट डाग उरले. पाहायला आलेल्या आत्या एवढेच म्हणाल्या, "हे आबा वाटंनात रे." प्रिंटर चार रंगांचा होता, शाई बाजारातली स्वस्त, कागद त्याहून स्वस्त. यंत्र मात्र आजही उत्तम चालते. म्हणजे ज्याला आपण 'भरवशाचा प्रिंटर' म्हणतो, तसाच तो होता.

४/ माझे म्हणणे इथूनच सुरू होते. प्रिंटर किती वर्षे चालेल, हा प्रश्न दुय्यम आहे. त्यातून निघालेला कागद किती वर्षे बोलेल, हा पहिला. दुकानात आपण पहिला प्रश्न विचारतो आणि दुसऱ्याचे उत्तर काळावर सोडून देतो. प्रतींच्या भवितव्याची सर्वांत करुण कहाणी तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच घडली आहे.

५/ भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठा फार लांब नाही. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती काढण्याचे काम दिले. गिलने आयुष्याची उमेदीची वर्षे त्या लेण्यांत घालवली आणि कॅनव्हासवर तैलरंगांत भव्य प्रती उतरवल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. १८६६ च्या आगीत त्यांतील जवळजवळ सर्व जळून गेल्या.

६/ मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी तेच काम पुन्हा करू लागले. त्या प्रतीही लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागली आणि त्यांतील बऱ्याच प्रती नष्ट झाल्या. एकाच लेण्याच्या दोन पिढ्यांच्या प्रती, दोन्ही आगीत. या काळात मूळ भिंतीवरचे रंगही झिजत होतेच.

७/ पण गिलने आणखी एक उद्योग केला होता. तो छायाचित्रे काढू लागला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या ७४ छायाचित्रांचे भारतातील लेण्यांविषयीचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्या पुस्तकाच्या प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत विखुरल्या आणि म्हणून टिकल्या. भव्य तैलचित्रे गेली, चिमुकली छायाचित्रे राहिली. कारण एकच: ती एकाहून अधिक होती आणि एका छपराखाली नव्हती.

८/ (जाता जाता: आपल्या जिल्ह्यातील असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. छायाचित्रणकला जगापुढे आली १८३९ मध्ये. त्यामुळे 'असईच्या लढाईचा दुर्मीळ फोटो' म्हणून जे काही अधूनमधून फिरते, ते पुढे पाठवण्यापूर्वी दोन सनांची वजाबाकी करावी.)

९/ आपला जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्याचा भाग. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. या संस्थानाचा डोळा म्हणजे राजा दीनदयाळ. सहावा निजाम महबूब अली खान याने १८९४ मध्ये त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. दरबार, शिकारी, वेरूळ-अजिंठा यांच्याबरोबर औरंगाबाद भागातील दुष्काळ-निवारणाच्या कामांचीही छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओने काढली. आपल्या पणजोबांच्या पिढीतली खडी फोडणारी माणसे आज आपण पाहू शकतो, ती या माणसामुळे.

१०/ ती छायाचित्रे आज पाहता येतात, हे कसे? काचेच्या निगेटिव्हवरून अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, सूर्यप्रकाशात प्रत उमटवली जाई. प्रतिमा चांदीची असे आणि तिच्यावर बहुधा सोन्याच्या क्षाराची प्रक्रिया केली जाई. कागद पिवळसर होतो, पण आकृती राहते. शिवाय काचा होत्याच. दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

११/ आता स्वतःच्या घरात या. आजोबांचा कृष्णधवल फोटो काढा. त्यातही चांदीच आहे, म्हणून तो पन्नास-साठ वर्षांनंतरही करकरीत दिसतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद आणि फिल्म वापरून कितीतरी स्टुडिओंनी आपल्याकडची लग्ने टिपली. मग १९८० नंतरचा आई-वडिलांच्या लग्नाचा रंगीत अल्बम उघडा. हिरवा शालू तपकिरी, चेहरे लालसर, मांडव गुलाबी. त्या काळच्या रंगीत कागदावर प्रतिमा चांदीची नसते, ती तीन सेंद्रिय रंगद्रव्यांची असते. तिन्ही एकाच वेगाने उडत नाहीत आणि जे मागे उरते त्याची झाक चढते. आणि आपली पिढी? हजारो फोटो, सगळे मोबाइलमध्ये, कागदावर जवळपास शून्य. आजोबा वडिलांपेक्षा स्पष्ट आणि नातू अदृश्य, असा उलटा क्रम आपल्या घराघरांत लागला आहे.

१२/ "क्लाउडवर आहेत की!" हे उत्तर मला मान्य आहे, अर्धेच. पासवर्ड ज्याला ठाऊक तो माणूस गेला की क्लाउडचे दार बंद. लोखंडी कपाटातली पत्र्याची पेटी कुणीही उघडू शकतो. फाइलही ठेवा, कागदही ठेवा.

१३/ इंकजेटचा जन्म फोटोसाठी झालाच नव्हता. १९५१ मध्ये रुने एल्मक्विस्ट या स्वीडिश अभियंत्याला शाईचा सूक्ष्म फवारा मारून नोंदी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. हेतू होता वैद्यकीय आलेख उमटवण्याचा. (याच माणसाने १९५८ मध्ये शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर घडवला.) १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांची तापलेली सोल्डरिंग इस्त्री शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा, बुडबुड्याने थेंब, ही कल्पना तिथून पुढे गेली. एप्सनने दुसरी वाट धरली: विजेचा दाब मिळताच वाकणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो, उष्णता नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१४/ कलावंतांनी इंकजेट जवळ केले ते ग्रॅहम नॅशमुळे. होय, गायक. सव्वा लाख डॉलरच्या घरातले 'आयरिस' नावाचे अवाढव्य यंत्र त्याने फोटो छापण्यासाठी वापरायला घेतले आणि १९९१ मध्ये त्यातून नॅश एडिशन्स हा छापखाना उभा राहिला. प्रती अप्रतिम निघत, पण आरंभीच्या शाईचे रंग भिंतीवर काही वर्षांतच उडू लागत. छपाई सुंदर असणे आणि छपाई टिकाऊ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा पहिल्यांदा जगाला चटका देऊन समजले.

१५/ दुसरा चटका २००० मध्ये. एप्सनचे नवे फोटो प्रिंटर आले, विशिष्ट ग्लॉसी कागदावर अनेक वर्षे टिकण्याच्या दाव्यासह. काही ग्राहकांच्या प्रती मात्र महिन्यांत, काहींच्या त्याहून लवकर नारिंगी पडू लागल्या. प्रकाशाची चाचणी झाली होती, पण गुन्हेगार प्रकाश नव्हता. हवेतला ओझोन होता. तो कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरून निळी शाई खात होता. कंपनीने असंतुष्ट ग्राहकांना पैसे परत देऊ केले. माझ्या ओसरीवरचा नारिंगी चेहरा पाहून मला ही गोष्ट आठवायला हवी होती. मी ती वाचलेली होती, हे आणखी वाईट.

१६/ आता मूळ मुद्दा: शाई दोन जातींची असते. साखर पाण्यात टाकली तर विरघळून दिसेनाशी होते आणि गेरू टाकला तर त्याचे कण पाण्यात तरंगतात, खाली बसतात. 'डाय' शाई साखरेसारखी, 'पिगमेंट' शाई गेरूसारखी. डायचे रेणू सुटे सुटे असतात, म्हणून रंग झळाळतो, पण प्रत्येक रेणू प्रकाश आणि हवेच्या तावडीत एकटा सापडतो. पिगमेंटच्या कणात असंख्य रेणू एकमेकांना धरून असतात. बाहेरचे जळाले तरी आतले उरतात.

१७/ अजिंठ्याचे रंग पाहा: गेरू, चुना, काजळी, लाजवर्द. सगळी पिगमेंट. मोडी कागदपत्रे पाहा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कागदाला कसर लागली, कडा झडल्या, पण अक्षर काळेभोर. ती शाई काजळी आणि डिंकाची. आज प्रिंटरच्या बाटलीवर 'पिगमेंट ब्लॅक' लिहिलेले असते, तेव्हा आत कार्बन ब्लॅक असते, म्हणजे अतिशय बारीक केलेली काजळीच. बखर लिहिणाऱ्याने जी वस्तू दौतीत घातली, तीच आपण टाकीत ओततो.

१८/ मग सरळ पिगमेंट शाईचाच प्रिंटर घ्या, असे म्हणून धागा संपवावा का? तत्त्वतः होय. कॅनन आणि एप्सन दोघांचेही पूर्ण पिगमेंट शाईचे, नऊ-दहा रंगांचे फोटो प्रिंटर मिळतात आणि त्यांच्या प्रती संग्रहालये स्वीकारतात. पण त्यांची किंमत, लहान कार्ट्रिजचा सततचा खर्च आणि रोजच्या वापराची गरज पाहता जालन्यातल्या, परतूरमधल्या किंवा मंठ्यातल्या सामान्य घरासाठी मी ती शिफारस करणार नाही. जिल्ह्यातील एखादे महाविद्यालय किंवा वाचनालय असा प्रिंटर घेईल तर सोन्याहून पिवळे.

१९/ घरासाठी खरी निवड शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांतून करायची आहे. ही जातही आपल्यासारख्या बाजारांच्या जुगाडातून जन्मली. महाग कार्ट्रिजला कंटाळलेले लोक बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडू लागले, तेव्हा एप्सनने २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात कारखान्यातच टाकी बसवलेला प्रिंटर आणला. मग इतर कंपन्याही आल्या.

२०/ इथे एक सापळा आहे आणि नवखे त्यात हमखास सापडतात. काही चाररंगी टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, बाकी तीन डाय. दुकानदार सांगतो, "काळी पक्की आहे." खरे आहे, पण ग्लॉसी फोटो कागद निवडला की असे बहुतेक प्रिंटर ती काळी वापरतच नाहीत, कारण ती चकचकीत थरावर नीट बसत नाही. निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून काळ्याचा भास निर्माण केला जातो. म्हणजे आजोबांचा कृष्णधवल फोटो प्रत्यक्षात रंगीतच छापला जातो! तिघांपैकी एक रंग उडाला की चेहऱ्याला झाक चढते. माझ्या आबांचे हेच झाले.

२१/ म्हणून माझा आग्रह: ज्याला जुने फोटो छापायचे आहेत त्याने 'किती रंग' हे विचारण्याआधी 'करडी शाई आहे का' हे विचारावे. करडी असेल तर मधल्या छटांसाठी तीन रंगांच्या मिश्रणावर फारसे विसंबावे लागत नाही. नवी प्रत तटस्थ दिसते आणि म्हातारी होतानाही बहुरूपी होत नाही. कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्ये सहा शाया आहेत, त्यांत एक करडी, एक लाल. एप्सनच्या एल८१६० आणि एल८१८० मध्ये करडी आहे, फोटोसाठी वेगळी काळी आहे आणि साध्या कागदासाठी पिगमेंट काळीही आहे. एप्सनचा एल८०५० सहा रंगांचाच, पण त्यात करडीऐवजी फिकट निळी आणि फिकट किरमिजी आहे. बाळाच्या बारशाचे फोटो त्यावर सुरेख येतील, पण इतिहासवेड्याने तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. मॉडेलचे आकडे दोन-चार वर्षांत बदलतात. शाईची यादी वाचायला शिकलात की पुढचे मॉडेलही तुम्हीच निवडाल.

२२/ स्कॅनर हवा असेल तर जी६७०, एल८१६०, एल८१८० यांत तो आहे, जी५७० आणि एल८०५० मध्ये नाही. सुटा फोटो या स्कॅनरवर ६०० डीपीआयला उत्तम येतो. जाड अल्बमचे पान मात्र काचेला टेकत नाही आणि धूसर येते. अल्बम मोडून फोटो उपटू नका. पान खिडकीजवळ सावलीत ठेवून कॅमेऱ्याने टिपा.

२३/ आता आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. शाईचा मार्ग केसाहून बारीक असतो आणि प्रिंटर दोन महिने बंद राहिला तर शाई तिथेच सुकते. फोटोवर आडव्या पांढऱ्या रेषा येऊ लागतात. घरोघरच्या 'प्रिंटर बिघडला' या तक्रारींपैकी पुष्कळशा खरे तर 'प्रिंटर वापरला नाही' या असतात. आठवड्याला एक लहान रंगीत पान छापा. नाहीच जमले तर निदान नोझल चेक करा. पण रेषा दिसल्या की तासाभरात पाच वेळा हेड क्लीनिंग चालवू नका. ती सारी शाई आतल्या गादीत जाते. एकदा स्वच्छ करून रात्रभर थांबावे, सकाळी पुन्हा पाहावे.

२४/ लाइट जाण्याचे आणखी एक दुखणे. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड कोपऱ्यात जाऊन टोपी घालून बसते. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा आपण थेट बोर्डाचे बटण दाबले, तर ते वाटेत उघडे राहू शकते. तेव्हा वीज आली की आधी यंत्र चालू करावे आणि त्याच्याच बटणाने बंद करावे. इंकजेटला वीज फार थोडी लागते, घरच्या इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. लेझर प्रिंटर मात्र तिथे जोडू नका. आणि कूलरच्या झोतात प्रिंटर ठेवण्याची आपली सवय सोडा. धूळही जाते, दमट वाऱ्याने कागदही वळतो.

२५/ इथे ती बुडबुडा आणि स्फटिकाची गोष्ट कामाला येते. उष्णतेवर चालणारे हेड तुलनेने लवकर झिजते, पण कॅननच्या जी मालिकेत ते वापरणाऱ्यालाच काढून बदलता येते. एप्सनचे पिझो हेड दीर्घायुषी, पण ते यंत्राचाच भाग. ते कायमचे बसले तर कारागीर लागतो आणि खर्च इतका येतो की माणूस नव्या प्रिंटरचा विचार करू लागतो. रोज वापरणाऱ्याने एप्सन घ्यावा, महिनोन्महिने विसरणाऱ्याने कॅनन घ्यावा, असे माझे मत. वाया गेलेली शाई साठवणारी गादी ग्राहकाला बदलता येते का, हेही विचारून घ्या. आणि सर्वांत आधी: त्या कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस जालन्यात आहे की संभाजीनगरला यंत्र घेऊन जावे लागेल? जाफराबादच्या माणसाला या एका प्रश्नाचे उत्तर सगळ्या जाहिरातींपेक्षा मोलाचे आहे.

२६/ कागदाविषयी थोडेच, पण कठोर. बाजारात '१८० जीएसएम हाय ग्लॉसी' म्हणून जी स्वस्त गठ्ठी मिळते, ती बहुधा कास्ट कोटेड कागदाची असते. शाळेच्या प्रकल्पाला ठीक. जपायच्या फोटोला आरसी, म्हणजे रेझिन कोटेड कागद घ्या, स्टुडिओतल्या फोटोसारखा पाठीमागूनही गुळगुळीत लागतो तो. शक्यतो प्रिंटरच्याच कंपनीचा. टिकाऊपणाचे जे आकडे जाहिरातीत असतात ते मूळ शाई आणि मूळ कागद या जोडीचे असतात. जोडी मोडली की तो आकडा तुमच्यासाठी उरत नाही.

२७/ त्या आकड्यांकडेही इतिहासाचा विद्यार्थी एखाद्या बखरीकडे पाहतो तसे पाहावे: कुणी लिहिले, कोणत्या परिस्थितीत? 'अल्बममध्ये १०० वर्षे' आणि 'भिंतीवर १०० वर्षे' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. फोटोंच्या टिकाऊपणावर आयुष्य वेचलेल्या हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या चाचणीत प्रत काचेखाली, ४५० लक्स प्रकाशात दिवसाचे १२ तास, २४ अंश तापमानात धरलेली असते. आपली ओसरी मे महिन्यात २४ अंशांवर कधी असते? तेव्हा भिंतीवर लावायची ती प्रत वेगळी, जपायची वेगळी. भिंतीवरची काचेआड, उन्हाच्या तिरिपेपासून दूर.

२८/ आता स्वतःच्याच विरोधात एक मत. वर्षाला पन्नासेक फोटोच छापायचे असतील, तर प्रिंटर घेऊ नका. शहरातल्या डिजिटल लॅबमध्ये फोटो 'धुऊन' मिळतात का, ते विचारा. रासायनिक प्रक्रियेने रंगीत कागदावर निघालेल्या आजच्या प्रती १९८० च्या अल्बमपेक्षा कितीतरी टिकाऊ असतात आणि स्वस्त डाय शाईच्या घरगुती प्रतीपेक्षाही. हेडही सुकत नाही, शाईही वाळत नाही. प्रिंटर घ्यावा तो ज्याच्याकडे शेकडो जुने फोटो आहेत, ज्याला एकेका फोटोची छटा चार वेळा करून पाहायची आहे, किंवा ज्याला घरातला फोटो परक्या हातात द्यायचा नाही, त्याने. यातला तिसरा वर्ग मला पूर्ण समजतो.

२९/ फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने कडेला हलकेच लिहा. आरसी कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही. त्यासाठी नावे, गाव, साल यांची वेगळी चिठ्ठी साध्या कागदावर पिगमेंट काळ्या शाईने छापा आणि फोटोसोबत पाकिटात ठेवा. पाणी लागले तरी ती अक्षरे पसरत नाहीत. 'डावीकडून तिसरे कोण?' हे सांगणारी माणसे आपल्या घरांतून झपाट्याने कमी होत आहेत. ही चिठ्ठी फोटोइतकीच महत्त्वाची, कदाचित जास्तच. चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले अल्बम मात्र टाळा.

३०/ आबांच्या फोटोचे पुढे काय झाले, असे काहींनी विचारले होते. ज्या मोबाइलवर मूळ प्रत घेतली तो केव्हाच गेला. एका चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली, आकाराने आकसलेली फाइल मिळाली. ओसरीवरची नारिंगी प्रत उतरवून स्कॅन केली. झाक काढून टाकल्यावर चेहऱ्याचा काही तपशील तिच्यात सापडला, काही त्या लहान फाइलमध्ये. दोन्ही जोडून एका मित्राच्या करड्या शाईच्या प्रिंटरवर आरसी कागदावर तीन प्रती काढल्या. एक अंबडला, एक आत्यांकडे परतूरला, एक पुण्यात बहिणीकडे. आत्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "व्हय, हे आबा. पण टोपी अशी नव्हती, जरा तिरकी होती." टोपीचा तो भाग मला अंदाजाने भरावा लागला होता. मूळ फोटोचा शोध अजून चालू आहे.